ओझोन दिनाचा चहा

पृथ्वी वाचवायला कुठून तरी सुरुवात करावीच लागते, आणि ती नगरच्या केडगावातून झाली याची नोंद पुढच्या पिढ्यांना कधी ना कधी घ्यावी लागेल. जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता रविकांत सर पृथ्वी वाचवायला घराबाहेर पडले. डिझेलच्या गाडीतून. काष्टीला. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. शेण आणायला.

केडगावात शेण मिळत नाही, असा कोणाचा गैरसमज नको. सरांच्या गल्लीच्या तोंडालाच गोठा आहे, आणि तिथे शेण कमी पडतं अशी तक्रार गल्लीतल्या कोणी आजवर केलेली नाही. पण सरांनी मागच्या अंगणात गॅसची टाकी बसवून घेतली होती. वरून ओला कचरा घालायचा, तो आत कुजतो, त्याचा गॅस होतो आणि नळीने स्वयंपाकघरात येतो, अशी ती टाकी. तिच्याबरोबर एक पुस्तिका आली होती आणि पुस्तिकेत पहिल्या भरणीसाठी ‘शक्यतो देशी गाईचे शेण’ असं छापलेलं होतं. गोठ्यातल्या गाई जर्सी. ‘शक्यतो’ हा शब्द सरांना दिसत नाही.

काष्टीला सरांचा जुना विद्यार्थी छगन राहतो. त्याच्याकडे देशी गाय, लिंबाची बाग आणि सरांविषयी आदर असं तिन्ही आहे. त्याने दोन गोण्या शेण भरून दिलं आणि गाडीत ठेवता ठेवता एवढंच विचारलं, “सर, नगरात जनावरं राह्यली न्हाईत का आता?”

प्रश्न शेणाचा नाही, तत्त्वाचा आहे, असं सर म्हणाले. छगनने तत्त्वाखाली एक जुनं पोतं अंथरलं, म्हणजे सीट खराब व्हायला नको.

सर कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचे. तर्कशास्त्राला मुलं मिळेनाशी झाली तेव्हा तास भरून काढायला त्यांच्याकडे पर्यावरण आलं. अकरावी-बारावीला हा विषय सक्तीचा असतो आणि स्टाफरूममध्ये जो उशिरा पोचतो त्याच्या वाट्याला येतो. बाकीचे शिक्षक तो वर्गात शिकवतात आणि वर्गातच ठेवून येतात. सर तो घरी घेऊन आले.

जूनमध्ये घरात ठराव झाला, की या कुटुंबाचा पृथ्वीवरचा भार कमीत कमी असेल. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण सरांच्या पत्नी सुमेधाताई तेव्हा ऑफिसात होत्या. मुलगी अनन्या बारावी सायन्सला, तिने हात वर केला तो पंख्याखालून न उठता. मुलगा वरद आठवीत, त्याला वाटलं सहलीबद्दल विचारतायत.

मग फ्रिज बंद झाला. इस्त्री बंद झाली, सरांचे शर्ट गादीखाली जाऊ लागले आणि सर ज्या कुशीवर झोपले त्याप्रमाणे त्यांना घड्या पडू लागल्या. एका बादलीत आंघोळ हा नियम मात्र कोणालाच जड गेला नाही, कारण पाणी तसंही दिवसाआड येतं. दर रविवारी सकाळी घरातला आठवड्याचा कचरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्याचं वजन व्हायचं. तिसऱ्या रविवारी वजन एकदम घसरलं, सरांना आनंदाने भरून आलं, आणि दुपारी शेजारच्या पत्र्याच्या डब्यात वेफर्सची चार रिकामी पाकिटं सापडली. वरदने ती रोज शाळेतून येता येता तिथे सोडली होती. सरांनी त्याला आठवडाभर बोलून समजावलं. त्यात वेफर्सपेक्षा जास्त हवा खर्च झाली, असं अनन्याचं मत पडलं.

भाज्यांची सालं फेकणं हा सरांना सगळ्यात मोठा अपव्यय वाटायचा. म्हणून दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी हे सुरू झालं. चटण्या चांगल्याच व्हायच्या, सुमेधाताईंच्या हाताला चव आहे. पण तिसऱ्या आठवड्यात वरदने ताटाकडे बघून विचारलं, की दोडक्याचं मधलं कोण खातं.

आतापर्यंत ही सालं बायडाबाईला जायची. बायडाबाई मूळची पाथर्डीकडची, सरांकडे धुणीभांडी करते आणि कॉलनीमागे राहते. तिची एक शेळी आहे. सरांच्या घरचा ओला कचरा ही त्या शेळीची दहा वर्षांची व्यवस्था होती. आता निम्मी सालं माणसं खाऊ लागली आणि उरलेली टाकी. बायडाबाईने पहिल्या दिवशी रिकामी पाटी उलटी करून बघितली.

“ताई, सालं?”

सुमेधाताईंनी मागच्या अंगणाकडे बोट केलं. बायडाबाईने टाकी वरपासून खालपर्यंत बघितली आणि ती दूध किती देते म्हणून विचारलं.

हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नव्हता. टाकीला दिवसाला पाच किलो ओला कचरा लागायचा. कचरा कमी करण्याची शपथ घेतलेलं हे घर दिवसाला सातशे ग्रॅम काढायचं. म्हणजे सरांनी एका हाताने कचरा बंद केला होता आणि दुसऱ्या हाताने कचऱ्यावर चालणारं यंत्र विकत आणलं होतं. तर्कशास्त्राच्या माणसाला यात विसंगती दिसायला हवी होती. पण तो विषय बंद होऊन चार वर्षं झाली होती.

टाकीचा गॅस सकाळी बारा मिनिटं जळायचा. कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या, तिसरी दुसऱ्या दिवशी. उरलेला स्वयंपाक कोपऱ्यातल्या लाल सिलिंडरवर व्हायचा. सर त्याला ‘अत्यावश्यक वापर’ म्हणत. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ अत्यावश्यक परिस्थिती असायची.

आणि नेमक्या त्या सिलिंडरवर सरांचा डोळा होता. सिलिंडर कायमचा परत करायचा, कनेक्शन रद्द करायचं, तेही समारंभाने. १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन असतो. त्या दिवशी प्राचार्यांना घरी बोलवायचं, टाकीच्या गॅसवरचा चहा पाजायचा आणि त्यांच्या साक्षीने फॉर्मवर सही करायची, असा कार्यक्रम सरांनी आखला. प्राचार्य हो म्हणाले. कॉलेजच्या फलकावर नोटीस लागली. ‘जिल्ह्यातील पहिले सिलिंडरमुक्त कुटुंब’, असे शब्द नोटिशीत होते. पाथर्डी तालुक्यात अजून चुलीवर भाकरी भाजणारी कुटुंबं किती, हे मोजायला सरांकडे वेळ नव्हता.

अडचण एकच होती. कनेक्शन सुमेधाताईंच्या नावावर होतं. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी घेऊन दिलेलं. सही त्यांचीच लागणार होती.

सुमेधाताई जिल्हा परिषदेत आवक-जावक विभागात बावीस वर्षं आहेत. आलेला कागद त्या आधी मागून बघतात, मग पुढून. सरांनी फॉर्म पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि त्याला सोबतचं सहपत्र कुठे आहे असं विचारलं. कसलं सहपत्र, सर म्हणाले. पुरावा, सुमेधाताई म्हणाल्या. मग त्यांनी अट घातली, आणि ती अट शांतपणे तारीख घालून कॅलेंडरवर लिहूनही ठेवली.

“ओझोनच्या दिवशी सहा माणसांचे पोहे आणि चहा. सिलिंडरला हात न लावता. झालं तर तिथंच सही करते, परत कधी नाव काढणार नाही. नाही झालं तर तुम्ही काढायचं नाही.”

सरांनी हे आव्हान स्वीकारलं. पोहे सुमेधाताईंनीच करायचे होते, पण आव्हान सरांनी स्वीकारलं.

मग त्यांनी गल्लीला साद घातली. घरोघर जाऊन सांगितलं, की तुमचा ओला कचरा मला द्या. गल्लीने इतक्या मनापासून प्रतिसाद आजवर फक्त गणपतीच्या जेवणाला दिला होता. रोज सकाळी सरांच्या फाटकाला कॅरीबॅगा लटकायच्या. आत शिळी भाजी, चहाची पूड, नारळाच्या शेंड्या, एकदा एक चप्पल. सर सगळं निवडून टाकीत घालायचे. त्या कॅरीबॅगा मात्र राहायच्या. रविवारी वजन केलं तर घरातला प्लॅस्टिक कचरा गल्लीत सर्वांत जास्त निघाला. फेकायच्या तर तत्त्व आडवं यायचं, म्हणून सर त्या धुऊन दोरीवर वाळत घालू लागले. दिवसाआड येणाऱ्या पाण्यातल्या दोन बादल्या त्यात जायच्या. पण गॅस वाढला. सप्टेंबर उजाडेपर्यंत ज्योत चांगली पाऊण तास टिकायला लागली, निळी, एका उंचीची. सुमेधाताई ओट्याशी उभ्या राहून तिच्याकडे बघत, आणि एकदा त्यांनी कोपऱ्यातल्या सिलिंडरवरची धूळ पदराने पुसली. अनन्याने ते बघितलं.

आणि पितृपंधरवडा लागला.

गल्लीत रोज कोणाकडे तरी श्राद्धाचं जेवण. खीर, वडे, कढी, भाज्या. उरलेल्या अन्नाचे ढीग. सरांनी नवी घमेली आणून ठेवली. फाटकाला एकही पिशवी लटकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर चौकशीला गेले तेव्हा समोरच्या लंकाआजींनी त्यांना पायरीवर बसवून समजावलं. पितरांचं अन्न कावळ्याला जातं, गाईला जातं. ते टाकीत कुजवायचं, त्याचा वास काढायचा आणि त्या वासावर प्राचार्यांना चहा करायचा, हे त्यांच्या मालकांना वर बसून आवडणार नाही. मालक जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण वास त्यांना हयात असतानाही सहन होत नसे.

सरांनी मिथेन म्हणजे काय ते सांगितलं. आजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि गाईला घातलं तरी शेवटी शेणच होतं, तेवढं ने, असं सुचवलं. पण ती गाय जर्सी होती.

समारंभाला पाच दिवस उरले होते. ज्योत पुन्हा बारा मिनिटांवर आली. सर पुन्हा काष्टीला गेले. पुन्हा सव्वाशे किलोमीटर.

छगनकडे तेव्हा लिंबांचा नुसता खच पडला होता. पावसात भिजून डागी झालेली, बाजारात कोणी विचारत नव्हतं. रस्त्याच्या कडेला ओतायची म्हणून भरून ठेवलेल्या तीन गोण्या त्याने सरांना दिल्या. सरांना इतकं सेंद्रिय द्रव्य एका जागी कधी दिसलं नव्हतं. छगन घुटमळला. आंबट माल हाय सर, चालंल का, असं त्याने दोनदा विचारलं. कचरा तो कचरा, निसर्गात आंबट-गोड असा भेद नसतो, असं सर म्हणाले. विद्यार्थी असताना छगनने सरांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आता तो बागाईतदार झाला होता तरी सवय सुटली नव्हती.

गोण्या मागच्या अंगणात उतरल्या. बायडाबाईची शेळी जुन्या सवयीने कुंपणातून आत आली, गोणीत तोंड घातलं, दोन वेळा शिंकली आणि निघून गेली.

“ताई, शेळी कागद खाती, साबन खाती, मागच्या महिन्यात सरांचा रुमाल खाल्ला,” बायडाबाई भांडी घासता घासता म्हणाली. “हिनं तोंड लावलं न्हाई. टाकीला कशापायी घालताय?”

सरांनी आतून ऐकलं. शेळीचं निरीक्षण हे शास्त्रीय निरीक्षण नसतं, असं ते तिथूनच म्हणाले. पुस्तिकेतही लिंबवर्गीय फळं टाळावीत असं होतं, पान नऊवर. पण त्याच्या आधी ‘शक्यतो’ लिहिलेलं होतं, आणि या वेळी तो शब्द सरांना दिसला.

तीन दिवसांत तीन गोण्या लिंबं मिक्सरमधून निघाली. सालीसकट. मिक्सर तापून दोनदा बंद पडला, घराला सरबताच्या गाड्यासारखा वास येऊ लागला. आणि टाकीने सरांची लाज राखली. तिच्यावर प्लॅस्टिकची एक टोपी असते. आत गॅस साठेल तशी ती वर उचलली जाते. चौथ्या दिवशी सकाळी टोपी आजवर कधी नव्हती इतकी वर आली होती. सरांनी अनन्याला उठवून दाखवली. सुमेधाताईंनाही बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, टोपीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं.” मग आत जाऊन त्यांनी फॉर्म काढून टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. शब्दाच्या पक्क्या आहेत. सर तोपर्यंत गॅस जपून ठेवणार होते, ज्योत पेटवून बघण्यातसुद्धा तो वाया जाईल म्हणून त्यांनी शेगडीला कोणाला हात लावू दिला नाही.

१६ तारखेला अकरा वाजता प्राचार्य आले. बरोबर दोन प्राध्यापक, एक शिपाई आणि फोटो काढायला कॉलेजच्या मासिकाची संपादक मोनिका. लंकाआजी बोलावलेल्या नव्हत्या, त्या सगळ्यांत आधी आल्या होत्या. सरांनी पाहुण्यांना मागच्या अंगणात नेलं. प्राचार्यांनी टोपीवर थाप मारली, ती ढोलासारखी वाजली. वा, असं ते म्हणाले. मग सगळे स्वयंपाकघरात जमले. कांदा चिरलेला, पोहे भिजवलेले, आधण ठेवायचं पातेलं शेगडीवर. सरांनी नळी उघडली. गॅस फुस्स करत भरपूर आला. मोनिकाने मोबाईल वर धरला. सरांनी काडी ओढली आणि शेगडीजवळ नेली.

काडी विझली.

दुसरी विझली. वारा असेल, असं प्राचार्य म्हणाले. खिडकी लावली, पंखा बंद केला. तिसरी विझली. चौथी सरांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून नेली, निरांजन नेतात तशी. ती तर शेगडीपासून वीतभर लांबच विझली. एका प्राध्यापकाने लायटर दिला, त्याच्या खिशात लायटर कसा हा प्रश्न प्राचार्यांच्या चेहऱ्यावर दिसला, पण वेळ ती नव्हती. लायटरही विझला. गॅस येतच होता, फुसफुसत, न थांबता, आणि जे जे पेटतं ते ते विझवत होता. अकराव्या काडीनंतर पेटी संपली.

बायडाबाई दारात उभी होती. “शेळीनं तोंड लावलं न्हाई,” एवढं ती लंकाआजींना म्हणाली.

सरांचा शर्ट पाठीला चिकटला. प्राचार्यांना बाराला मीटिंग होती, त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, पण मनगट फिरवलं. सुमेधाताई ओट्याच्या टोकाला शांत उभ्या होत्या. कोपऱ्यात सिलिंडर होता. त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं, त्यांनी लावला नाही.

“सुमेधा,” सर हळूच म्हणाले, “चहाचं जरा बघतेस का?”

“कशावर?”

“अगं, आता... त्याच्यावर.”

“कोणावर?” सुमेधाताईंचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. “नाव घ्या.”

लंकाआजी खुदकन हसल्या.  मग नव्या नवरीने पंगतीत नाव घ्यावं तितक्या खालच्या आवाजात सर म्हणाले, “सिलिंडरवर.”

सात मिनिटांत चहा झाला, बारा मिनिटांत पोहे. पोहे उत्तम झाले होते. प्राचार्यांनी भाषण आदल्या रात्रीच लिहून आणलं होतं आणि लिहिलेलं वाचायचं ही त्यांची पद्धत आहे. या चहाला निसर्गाची चव आहे, असं ते म्हणाले. अशी कुटुंबं घरोघरी निर्माण व्हावीत, असंही म्हणाले. टाळ्या झाल्या. मोनिकाने फोटो काढला. त्यात प्राचार्यांच्या हातात कप आहे, मागे सर आहेत आणि सरांच्या मागे एक लाल कड दिसते.

मग फॉर्म उरला. प्राचार्यांनी तो स्वतः उचलून पेनसकट सुमेधाताईंच्या पुढे धरला, फोटोसाठी. सर काही सांगायला पुढे झाले. सुमेधाताईंनी चष्मा लावला. फॉर्म मागून बघितला, पुढून बघितला. सहीच्या रकान्यात काही केलं नाही. वरच्या कोपऱ्यात आपल्या ऑफिसच्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत.’ खाली तारीख घातली आणि कागद सरांच्या हातात दिला. मोनिकाला लांबून ती सहीच वाटली. मासिकात फोटोखाली ओळ तशीच छापून आली.

संध्याकाळी सर टाकीपाशी बसून होते. बायडाबाई पाटी घेऊन आली, कांद्याची आणि बटाट्याची सालं त्यांच्यासमोरून भरून घेतली, आणि त्यांनी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अनन्याने बायडाबाईच्या तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना मागून घेतला. तो पाण्यात ढवळला, तासभर ठेवला, वरची स्वच्छ निवळी काचेच्या बाटलीत घेतली आणि टाकीची नळी तिच्यात सोडली. हा प्रयोग वरदच्या पुस्तकात होता. बुडबुडे आले आणि मिनिटभरात निवळी दुधासारखी पांढरी झाली. सर मागे उभे होते. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. लिंबांनी आतले मिथेन करणारे जंतू मेले, आता नुसतं आंबतंय, असं अनन्याने सांगितलं. मग गॅस कसला आहे, सर म्हणाले. टोपी तर काठोकाठ वर आहे.

अनन्याने मान वर न करता सांगितलं.

टाकी पूर्ण भरलेली होती. कार्बन डायऑक्साइडने.